होळीला न उतरवलेला प्रोसेसर

तुमचा आवडता प्रोसेसर कोणता, असं मला आता कोणी विचारत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी विचारायचे. वर्ध्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर जोडणीचं दुकान होतं, अजूनही आहे. पण तेव्हा तिथे संध्याकाळी चार-पाच जण हमखास उभे असत आणि क्रिकेटपटूंबद्दल बोलावं तसे प्रोसेसरबद्दल बोलत. कोणता तापतो, कोणता सोसतो, कोणता ऐन वेळी दगा देतो. आता गिऱ्हाईक येतं, लॅपटॉप टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "हळू चालून राह्यला भाऊ, पाहा ना." आत काय बसलंय ते त्याला माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचंही नसतं.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणणाऱ्या संपादकांना मी म्हटलं, आवडत्या-नावडत्या प्रोसेसरांबद्दल लिहितो. ते म्हणाले, बरं होईल, जरा हलकंफुलकं होईल. मीही तसंच समजून बसलो होतो. पण नावडत्या प्रोसेसरचं नाव कागदावर लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. त्यामुळे हे जे होईल ते होईल.

आधी धंदा सांगतो. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. कारखान्यातून येताना त्याच्यावर वेग छापलेला असतो. हा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून येतो. एक, सगळ्या मशीनचा मिळून असलेला मूळ ठेका. दुसरा, त्या ठेक्याच्या कितीपट प्रोसेसरने पळायचं तो गुणक. छापलेल्यापेक्षा जास्त वेगाने त्याला पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. आमच्या दुकानात आम्ही साधं 'चढवणं' म्हणायचो. जास्त वेग म्हणजे जास्त ताप. म्हणून मोठा पंखा लावायचा, प्रोसेसरचा ताप ओढून घेणारं मलम नीट पसरायचं, दोन दिवस मशीन राबवून पाहायचं आणि अडकलं नाही तर गिऱ्हाइकाच्या हवाली करायचं. फुकटात जास्तीचं काहीतरी मिळालं, याचा आनंद गिऱ्हाइकापेक्षा मलाच जास्त होत असे.

गुणक वाढवला तर फक्त प्रोसेसर पळतो. ठेका वाढवला तर सगळ्यांनाच पळावं लागतं. आमच्याकडच्या खंजिरी भजनात जसं होतं तसं. खंजिरीवाल्याने लय वाढवली की गाणारा वाढवतो, टाळवाले वाढवतात. मागे बसलेल्या म्हाताऱ्याला तो वेग झेपत नाही. तो थांबत नाही, उठून जात नाही, नुसते शब्द गाळायला लागतो. तोंड हलत असतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. कॉम्प्युटरमध्ये तो म्हातारा म्हणजे हार्ड डिस्क. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

माझा पहिला लाडका सेलेरॉन ३००ए. गरिबांचा प्रोसेसर म्हणून विकला जायचा. वेग तीनशे. त्याचा ठेका सहासष्टचा. तो शंभर केला की पठ्ठ्या थेट साडेचारशेवर जायचा आणि वर शांत बसायचा. शंभर ठेक्याची सोय मदरबोर्डातच असल्यामुळे मागचा म्हातारा आपल्या लयीतच राहायचा, कुणाला त्रास नाही. काही बोर्ड ठेका बदलू देत नसत. तेव्हा प्रोसेसरच्या एका विशिष्ट पिनेवर नेलपॉलिश लावायचं. पिन झाकली की बोर्ड फसायचा आणि आपण होऊन शंभरचा ठेका धरायचा. बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली मी दुकानात नेऊन ठेवली होती. महिनाभराने तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मले एकदाही लावून नाई देलं, अन त्या डबड्याले लावून राह्यले!"

असाच एक सेलेरॉन मी पुलगावच्या एका काकांना चढवून दिला. डेपोतून निवृत्त झालेले गृहस्थ, शर्टाच्या खिशात कायम थर्मामीटर. ते घरी कॉम्प्युटरवर फक्त पत्ते खेळायचे. मी विचारलं, काका, पत्ते खेळायला साडेचारशे कशाला लागतात? ते गंभीरपणे म्हणाले, "डाव जिंकल्यावर पत्ते उडतात ना, ते आता झपाट्यानं उडतात. मी पाह्यलं." दर सोमवारी ते कॅबिनेटचं तापमान लिहून आणायचे. असा समाधानी माणूस मला पुढे धंद्यात भेटला नाही.

दुसरा लाडका ड्यूरॉन. त्याच्या पाठीवर सोनेरी ठिपक्यांच्या जोड्या असायच्या, कारखान्याने तोडलेल्या. साध्या शिसपेन्सिलीने त्या ठिपक्यांमध्ये रेघ ओढली की तुटलेला रस्ता जोडला जायचा आणि गुणक मोकळा व्हायचा. पेन्सिलीची एक रेघ! ती खोडली की पुन्हा होता तसा. धंद्यातली ही एकच गोष्ट मला अजूनही सुंदर वाटते. चूक झाली तर खोडरबर होतं.

आमच्याकडे चढवण्याला ऋतू होता. पुण्या-मुंबईच्या मंडळींना हे सांगूनही कळत नसे. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जातो, खोलीतली भिंतसुद्धा हाताला चटके देते. जानेवारीत छान चाललेलं मशीन मेमध्ये चालेलच असं नाही. म्हणून मी नियम केला होता. दिवाळीनंतर चढवायचं, होळीला उतरवायचं. लोक होळीच्या सुमारास माळ्यावरचे कूलर खाली काढतात, गवताच्या नव्या ताट्या बसवतात, टाकीला रंग मारतात. त्याच आठवड्यात मी सायकलवर, पुढे लुनावर, गावोगाव हिंडून चढवलेली मशीनं उतरवून यायचो. प्रत्येक कॅबिनेटच्या आत माझ्या हातची चिठ्ठी चिकटवलेली असायची. मूळ वेग, चढवलेला वेग, खाली सही. मी मेलो तरी दुसऱ्या कोणाला उतरवता यावं म्हणून. लोक हसायचे, पण माझं उतरवलेलं एकही मशीन उन्हाळ्यात गेलं नाही.

आता नावडता. ॲथलॉन एक्सपी सतराशे.

दिगांबर माझा शाळेपासूनचा मित्र. पुलगावला त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाची शूटिंग करायचा, कॅमेऱ्यातली टेप कॉम्प्युटरमध्ये उतरवायचा, गाणी घालून मिक्सिंग करायचा आणि सीडी द्यायचा. तीन तासांचं लग्न तयार करायला मशीनला दीड-दीड दिवस राबावं लागे. आणि लग्नं कधी? एप्रिल-मे. म्हणजे ज्या दिवसांत मशीन उतरवायचं, नेमकं त्याच दिवसांत त्याला वेग हवा. दिगांबरचं सगळं दुखणं यात आलं.

सतराशेची त्या वेळी फार ख्याती होती. स्वस्त, थंड डोक्याचा आणि अंगात पाणी भरपूर. जानेवारीत मी दिगांबरचं मशीन चढवायला घेतलं. त्याच्या बोर्डावर गुणक बदलायची सोय नव्हती आणि या प्रोसेसरवर पेन्सिलीची करामत चालत नव्हती. राहिला ठेका. एकशे तेहेतीसचा मी एकशे चाळीस केला, पंचेचाळीस केला, दीडशे केला. हू नाही की चू नाही. दोन दिवस राबवला, एकदाही अडकला नाही. जिल्ह्यात एवढा चढलेला सतराशे कुणाकडे नव्हता. मी भेटेल त्याला सांगत सुटलो. मागे बसलेल्या म्हाताऱ्याचा विचार मनात आला नव्हता असं म्हणणार नाही. आला होता. पण डिस्क चालत होती, फाइली उघडत होत्या, आणि मला आकडा आवडला होता.

होळीला मी पुलगावला गेलो. दिगांबरने कॅबिनेट टेबलावर काढूनच ठेवलं होतं. म्हणाला, "उतरवून दे बे. सीझन सुरू होऊन राह्यला. दीड दिवस लागला तरी चालते, पण काई लफडं नको."

मी कॅबिनेट उघडलं. दीडशेचा आकडा असलेली माझीच चिठ्ठी समोर. आणि उतरवायला हात होईना. तीन महिन्यांत एक चूक नाही, असं मशीन उतरवायचं कशाला? मी म्हटलं, "काई नाई होत रे. बाजूचं झाकण काढून ठेव अन कूलरच्या समोर लाव. मी सांगून राह्यलो ना?"

"पक्कं?"

"पक्कं."

त्या उन्हाळ्यात मी तीस-एक मशीनं उतरवली असतील. एक नाही उतरवलं.

मेमध्ये आर्वीकडच्या रोहण्याला एक लग्न होतं. नामदेवराव नावाचे शेतकरी, त्यांची थोरली मुलगी वंदना. घरातलं पहिलं लग्न, त्यामुळे हौसेने शूटिंग सांगितलेलं. दिगांबरने तीन टेपा भरून आणल्या, कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. त्याचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने सीडी पाहून होकार देईपर्यंत टेपेला हात लावायचा नाही. पण त्या आठवड्यात लागोपाठ तीन लग्नं आली आणि कोऱ्या टेपा संपल्या. मी काही कामाने स्टुडिओत होतो. त्याने विचारलं, "मनोहर, पाह्य बरं, नीट उतरलं का? टेपा वापरू का?"

मी फाइल उघडली. सुरुवातीचं मिनिटभर पाहिलं, शेवटचं मिनिटभर पाहिलं. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. म्हटलं, "वापर."

चार दिवसांनी मिक्सिंगला बसल्यावर मधला भाग लागेना. चित्राचे चौकोन होत होते, आवाज खरखरत होता. मग मशीन अडकलं. बंद करून पुन्हा चालू केलं तर डिस्कवरची यादीच विस्कटली होती. प्रोसेसर मात्र टुणटुणीत होता. दीडशेच्या ठेक्यावर, पंचेचाळीस डिग्रीच्या खोलीत, तो एकदाही चुकला नव्हता. त्याच्यासोबत फरफटलेली डिस्क मात्र तापत गेली होती आणि गाळलेल्या शब्दांसकट सगळं भजन लिहून घेत होती. टेपांवर तोवर दुसरी लग्नं चढली होती.

दिगांबर रोहण्याला गेला आणि "माझ्या हातून टेपांवर दुसरं शूटिंग झालं" असं सांगून आला. माझं नाव त्याने घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "मशीन कोणाची? माझी. तुझं नाव घेऊन का तुझं दुकान बुडवायचं हाय?" नामदेवराव मोठ्या मनाचे निघाले. त्यांनीच त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "लगन तं झालं ना? फोटो हायेत. पोरगी सुखात हाय. जाऊ द्या."

मी ती डिस्क दुकानात आणली, जुन्या मशीनला जोडली, आणि जूनभर तिच्यातून काय निघतं ते काढत बसलो. चौकोन निघाले, खरखर निघाली, दुसऱ्या लग्नातले घोडे निघाले. वंदनाच्या लग्नातला एकच तुकडा धड निघाला. एकोणीस सेकंदांचा. त्यात नवरा नाही, नवरी नाही. नामदेवराव आहेत. पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा. मंडपातला मोठा कूलर दोन्ही हातांनी ओढत पाहुण्यांकडे वळवतात, घाम पुसतात, कॅमेरा आपल्याकडे आहे हे पाहून लाजतात आणि बाजूला कोणाला तरी हाक मारतात, "अवं, ये ना इकडं. शूटिंगमंदी ये." हात पुढे करतात. तिथे तुकडा संपतो. ती बाई येत नाही.

मी तो सीडीवर ठेवला. कूलर सरकवणाऱ्या माणसाचे एकोणीस सेकंद, कोणाला द्यायचे? तेव्हा तसंच वाटलं.

पोळ्याच्या आसपास नामदेवराव शेतातून आले, बाजेवर बसले आणि गेले. हार्ट अटॅक. पन्नाशीही गाठली नव्हती. त्यानंतर शूटिंगची खरी किंमत सगळ्यांना कळली. फोटोंत ते होते, ताठ, छातीवर हात बांधून. चालता-बोलता माणूस कुठेच नव्हता. रोहण्यात, मग आर्वीत, मग सगळीकडे झालं की पुलगावच्या फोटोवाल्याने मेलेल्या माणसाची आठवण पुसली. मरण नंतर आलं होतं, पण बोलताना एवढा हिशोब कोण ठेवतं? दिगांबरला त्या भागातून लग्न मिळेना.

तो दुकानात आला. म्हणाला, "तुझ्यापाशी तो तुकडा हाय ना? देऊन टाक वंदनाच्या मायले."

मी म्हटलं, "तू तं सांगतलं टेप पुसल्या गेली म्हणून. मंग हे कुठून आलं म्हणतील?"

"मी खोटा ठरलो तं ठरलो बे. दे."

"देतो," मी म्हटलं.

तेव्हा माझं दुकान नुकतं जोर धरत होतं. एका शाळेच्या कॉम्प्युटरचं काम मिळायचं होतं. कॉम्प्युटरवाल्यानेच माती खाल्ली, हे लोकांना कळू द्यायची माझी तयारी नव्हती. थोडं शांत झालं की देऊ, असं मी ठरवलं. शांत झालं. मग एवढ्या दिवसांनी कसं द्यायचं, हा प्रश्न आला. तो प्रश्न दरवर्षी एका वर्षाने मोठा होत गेला. दोन वर्षांनी दिगांबरने स्टुडिओ बंद केला आणि तो नागपूरला मुलाकडे राहायला गेला. स्टुडिओ एका लग्नापायी बंद पडत नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं.

मी चढवणं सोडून दिलं. कोणी विचारलं की म्हणायचो, आता त्यात राम नाही. पुढे ते खरंही झालं. हल्लीचे प्रोसेसर काम पाहून आपले आपण चढतात, तापले की आपले आपण उतरतात. त्यांना होळी सांगावी लागत नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वी एक बाई दुकानात आल्या. वर्ध्याला लागूनच सिंदी मेघेला घरी टायपिंगची कामं घेते, म्हणाल्या, मशीन बिघडलंय, घरी येऊन पाहाल का. मी पत्ता विचारला. माहेर कुठलं, वडील कोण, हे गप्पांत निघालं. रोहणा, नामदेवराव. वंदनाच होती. मला ती ओळखत नव्हती, ओळखायचं कारणही नव्हतं.

तेव्हापासून तिचं मशीन मी सांभाळतो. आता सांगायला हरकत नाही, मी तिचा प्रोसेसर छापलेल्या वेगापेक्षाही खाली उतरवून ठेवला होता. उन्हाळा असो, हिवाळा असो. ती वैतागायची. "मनोहरभाऊ, शेजारचा कॉम्प्युटर तं भराभर चालते. माझाच इतका हळू काऊन?" मी म्हणायचो, टायपिंगला एवढा पुरतो, ताई. फाइली सुरक्षित राहतात.

तिची आई तिच्याकडेच राहत होती. दाराजवळच्या खुर्चीत बसलेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नजर लख्ख. मी आलो की आधी पाणी आणायची. पहिल्याच वर्षी मला म्हणाली, "भाऊ, तुमी कॉम्प्युटरचे जाणकार. माह्या पोरीच्या लगनाचं शूटिंग पुलगावच्या फोटोवाल्यानं पुसून टाकलं. तुमच्या मशीनीतून ते काई निघत नाई का? पोरीचे बाबा होते त्याच्यात."

मी म्हटलं, "नाई निघत, माय. टेप पुसल्या गेली तं काईच निघत नाई."

"अस्सं," ती म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा. विसरून विचारत होती असं नाही. "मागच्या वर्षी तुमी नाई म्हणलं होतं, पण आता नवीन मशीनी आल्या म्हणतात," अशी सुरुवात करायची. दरवर्षी मी तेच उत्तर देत राहिलो. सीडीचा पेनड्राइव्ह झाला, तो माझ्या अवजारांच्या पिशवीत असायचा. म्हणजे ती विचारत होती तेव्हा तो तुकडा तिच्यापासून दोन हातांवर असायचा. मी भेकड माणूस आहे, याहून वेगळं काही मला लिहिता येत नाही.

मागच्या चैत्रात ती गेली. मी भेटायला गेलो, सतरंजीवर बसलो, आणि पेनड्राइव्ह घेऊन परत आलो.

त्याच उन्हाळ्यात नागपूरहून दिगांबरचा फोन आला. आवाज खोल गेला होता. आजारपण कळलं होतं मला, भेटायला जाऊ-जाऊ म्हणत होतो. इकडचं-तिकडचं बोलून तो म्हणाला, "ते देलं का रे तू? रोहण्यावालीले?" इतक्या वर्षांत त्याने दुसऱ्यांदा विचारलं.

मी म्हटलं, "हो. केव्हाच देलं."

"बरं झालं. मायनं पाह्यलं?"

"पाह्यलं."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. "येजो एखाद्या दिवशी." श्रावणात तो गेला.

त्याच्या घरून परतताना मी वर्ध्याला उतरलो तो दुकानात गेलोच नाही, सरळ सिंदी मेघेला गेलो. वंदना टायपिंग करत होती. मी तिच्या मशीनला पेनड्राइव्ह लावला आणि तो चालू करायच्या आधी सगळं सांगितलं. सतराशे, दीडशे, होळी, "पक्कं", "वापर". दिगांबरचा दोष नव्हता, हे तीनदा सांगितलं. मला वाटलं होतं, सांगून मोकळं वाटेल. तसं काही होत नाही.

मग तिने तुकडा लावला. बाप कूलर ओढत होता. तिने तोंडावर पदर धरला. संपल्यावर पुन्हा लावला, पुन्हा लावला. चौथ्यांदा संपल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हे कवापासून हाय तुमच्यापाशी?"

"त्याच वर्षीपासून."

तिने दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई तुमालेच इचारत होती ना, मनोहरभाऊ? दरसाल."

मी हो म्हटलं.

"म्हणून माझा कॉम्प्युटर असा हळू ठेवला तुमी?"

मी त्यालाही हो म्हटलं. ती खुर्चीवरून उठली, तुकडा मोबाइलमध्ये घेतला आणि म्हणाली, "हा जसा होता तसा करून द्या. अन मंग जा."

मी बसलो. काम पाच मिनिटांचं होतं. वेग मूळच्या जागी आणला, मशीन पुन्हा चालू केलं, सगळं ठीक असल्याचं पाहिलं. हाताला सवय असते. मागे दाराजवळ, आईच्या रिकाम्या खुर्चीशेजारी, ती खाली जमिनीवर बसली होती आणि मोबाइल त्या खुर्चीवर ठेवला होता. मशीन सुरू व्हायची वाट पाहताना मला पाठीमागून ऐकू येत होतं. कूलरची घरघर, पाहुण्यांचा गलका, आणि मग नामदेवरावांचा आवाज.

"अवं, ये ना इकडं. शूटिंगमंदी ये."